वाळूतून आलेला ॲक्सल

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शुक्रवार, म्हणजे इंग्रजी तारीख ६ डिसेंबर २०२४ रोजी, सकाळी दहा वाजण्याच्या सुमारास, वाराणसी येथे, दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीतील पुणतांबेकरांच्या घराच्या चौकात एका मोटारीचा मागचा ॲक्सल आणून ठेवण्यात आला.

त्या गल्लीत समोरून सायकल आली तर चालणाऱ्याने भिंतीला पाठ लावून उभे राहायचे असते. मोटार तिथे कधी आली नव्हती आणि येणारही नव्हती. दोन चाकांना जोडणारा साडेचार फुटी लोखंडी दंड, मधोमध भोपळ्याएवढा फुगीर गोळा आणि दोन्ही टोकांना ब्रेकचे ताटाएवढे ड्रम, असा तो ऐवज चौघा हमालांनी दोन हिरव्या बांबूंना बांधून, ताडपत्रीत गुंडाळून खांद्यावरून आणला. चार खांदेकरी आणि मध्ये आडवे, झाकलेले, दोऱ्यांनी आवळलेले काहीतरी. वाटेतल्या माणसांनी जे करायचे ते केले. पानवाल्याने हात जोडले, एका सासूने सुनेला मागे ओढले, कोणी सवयीने ‘राम नाम सत्य है’ म्हटले. संकठादेवीच्या वळणावर मात्र एक दूधवाला थबकला आणि म्हणाला, “अरे भइया, उलटा कहाँ ले जात हउवा? घाट त पीछे छूट गयल.”

मणिकर्णिका खरोखरच मागे राहिली होती. ही तिरडी घराकडे चालली होती.

हे सारे अंतराने आल्याआल्या हसत सांगितले. अंतरा चौतीस वर्षांची. तिचे वडील रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इकडे आले आणि इकडचेच झाले. लहरताऱ्याला तिचे स्वतःचे गॅरेज होते आणि जुन्या मोटारी पुन्हा चालत्या करणे हा तिचा धंदा. ज्यांना ती हे सांगत होती ते नरहर पुणतांबेकर, वय सहासष्ट, विद्यापीठाच्या कर्मशाळेतून निवृत्त झालेले तिचे शिक्षक. नरहर हसले नाहीत.

“मी तुला फक्त एवढंच म्हटलं होतं,” ते म्हणाले, “की छायाचित्र पाहून मी कोणाचं कूळ सांगत नाही.”

“आणि तुमचा गुडघा तुम्हाला गल्लीबाहेर सोडत नाही. मग कूळच उचलून आणलं, सर. आता सांगा. लखनऊचे एक गृहस्थ आहेत, त्यांची दोन आसनांची गाडी माझ्याकडे उभी आहे, मागचा ॲक्सल तुटलेला. हा तिला बसेल का, आणि बसला तर ब्रेक कोणते घालू? त्यांना मागेसुद्धा डिस्क ब्रेक हवेत.”

“का हवेत?”

“दिसायला चांगले दिसतात म्हणून.”

“जे दिसण्यासाठी लावतात त्याला दागिना म्हणतात. ब्रेक म्हणत नाहीत.”

“माहीत होतं हेच म्हणणार. म्हणून तुम्ही लिहून द्या. माझं ऐकत नाहीत, प्रोफेसरसाहेबांचं ऐकतील.”

“मी प्रोफेसर नव्हतो. कर्मशाळेत हातकाम शिकवणारा निदेशक होतो.”

“तेच ते.”

“तेच ते नव्हे,” नरहर म्हणाले आणि खुर्चीवरून उठून ॲक्सलपाशी आले. ताडपत्री निघाली होती. बुरशीसारखा तांबूस थर, सांध्यासांध्यांत करडी वाळू, आणि डिझेलचा वास. “हा मिळाला कुठे?”

“भंगारवाल्याकडे. त्याला वाळूवाल्यांनी विकला. रामनगरच्या अंगाला, जिथे पूर्वी पीपा पूल पडायचा ना, तिथे वाळू उपसताना निघाला. बाकी गाडीचं काही राहिलं नव्हतं म्हणे, पत्रा हाताला लागताच चुरा व्हायचा. हा गाळात खोल होता म्हणून वाचला.”

चहाचे कप घेऊन आलेल्या अंबिकावहिनी दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी कप उंबऱ्यावर ठेवले, पदराने हात पुसले आणि त्या तिथेच जोत्यावर बसल्या. नरहरांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

अंबिकावहिनी म्हणजे नरहरांचे थोरले बंधू विष्णु यांच्या पत्नी. विष्णु पुणतांबेकरांना जाऊन अडतीस वर्षे झाली होती. वंशपरंपरेने आलेले यजमानकृत्य, दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून उतरणारे यात्रेकरू, त्यांचे संकल्प आणि पिंड, हे सारे सांभाळून विष्णूला एक वेड होते. एका निवृत्त साहेबाच्या बंगल्यात मोडून पडलेली दोन आसनांची उघडी विलायती गाडी त्याने मिळवली आणि चेतगंजला एक शेड भाड्याने घेऊन दोघा भावांनी ती तीन वर्षे खपून उभी केली. मोहल्ल्याने यथेच्छ टिंगल केली. गुरुजींच्या गल्लीत गाय अडकते, आणि गुरुजींना मोटार हवी. विष्णु म्हणायचा, गाय अडकते कारण ती मागे वळत नाही, माझी वळेल.

सन १९८६च्या मार्गशीर्षात, पीपा पूल नुकताच जोडला गेला असताना, संध्याकाळी पाचच्या सुमारास विष्णु दसऱ्यानंतर पहिल्यांदाच गाडी शेडबाहेर काढून रामनगरला निघाला. लोखंडी पिंपांवर फळ्या टाकून केलेल्या त्या पुलावर उतरताना वाळूचा तीव्र उतार असे. गाडी उतारावर डावीकडे वळली आणि पाण्यात गेली. विष्णु तिसऱ्या दिवशी राजघाटाच्या खाली सापडला. गाडी सापडली नाही. पुलाच्या चौकीदाराने पोलिसांपुढे एकच वाक्य सांगितले आणि तेच वाक्य पुढे काशीभर झाले: “गुरु छनले रहलन, बिरेक मारबे ना कइलन.” गुरूंनी भांग घेतली होती, ब्रेक मारलाच नाही.

काशीत भांग घेणे हे पाप नव्हे, पण भांगेत बुडून मरणे ही थट्टा आहे. अंबिकावहिनींनी ती थट्टा वयाच्या सव्विसाव्या वर्षापासून ऐकली. श्राद्धाला बोलावलेले ब्राह्मणसुद्धा पानावर बसता बसता एकमेकांकडे पाहत. महाशिवरात्रीला शेजारी ठंडाई घोटली जाऊ लागली की वहिनी आपल्या खोलीची खिडकी लावून घेत. त्या कोणाशी भांडल्या नाहीत. भांडायला लागणारे ज्ञान त्यांच्यापाशी नव्हते.

ते ज्ञान नरहरांपाशी होते. त्या दिवशी सकाळपासून विष्णु त्यांच्याबरोबर शेडमध्ये होता. दोघांनी दोन वेळा चहा घेतला, दुपारी दही-चिवडा खाल्ला. भांगेचा थेंब विष्णूच्या ओठाला लागलेला नव्हता. एवढे एक वाक्य नरहरांनी अडतीस वर्षांत कधी उच्चारले नव्हते, कारण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता. भांग नव्हती, तर मग काय होते? आणि त्या गाडीचे मागचे ब्रेक नरहरांनी निवडले होते.

इंजिन बदलल्यावर जुने ब्रेक अपुरे पडू लागले, तेव्हा मागच्या चाकांत ब्रेकचे पाच सुती सिलिंडर ठेवायचे की सहा सुती घालायचे, यावर दोघे भाऊ पंधरा दिवस भांडले होते. पाच सूत म्हणजे इंचाचे पाच अष्टमांश. सहा सूत म्हणजे पाऊण इंच. सिलिंडर जितका मोठा तितकी पकड जास्त, आणि मागची पकड पुढच्याहून जास्त झाली तर उतारावर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी आपल्याच शेपटाभोवती फिरते. विष्णु म्हणाला पाच. नरहर म्हणाले सहा. नरहरांनी कागदावर गणित मांडले आणि ते जिंकले. ते गणित त्यांनी त्यानंतर शेकडो वेळा मांडले होते. कधी ते बरोबर येई, कधी शंका उरे. वर्गात मुलांना शिकवताना ते ब्रेकच्या धड्यावर आले की फळ्याकडे तोंड करून बोलत.

“सर,” अंतरा म्हणाली, “मागे सहा सुती सिलिंडर घातले तर चालतील का, या ॲक्सलला?”

 नरहरांनी टेप मागितला.

कूळ ठरवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. आधी लांबी, मग भोके, मग दाते, आणि शेवटी मागे कोणी काय बदलले आहे ते. एका ड्रमपासून दुसऱ्या ड्रमपर्यंत चोपन्न इंच. प्रत्येक बाजूला चाकाचे चार नट. मधल्या गोळ्यावर ओतीव अक्षरे होती, त्यांतले पहिले आणि शेवटचे वाचता येत होते. अंतरा वहीत लिहून घेत होती आणि नरहर न्यायाधीशाने साक्ष नोंदवावी तसे एकेक वाक्य संपवून पुढे जात होते.

“आता दाते. गोळा न उघडता मोजू. एक चाक घट्ट धरायचं, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि मधला पिनियन, म्हणजे गोळ्यातलं छोटं दातेरी चक्र, किती फिरतो ते पाहायचं. खडूची खूण कर.”

अंतराने खूण केली आणि डाव्या ड्रमकडे जाण्यासाठी वळली.

“धरायची गरज नाही, सर. उजवं चाक आठ दिवस डिझेलमध्ये ठेवल्यावर सुटलं. डावं हलतच नाही.”

नरहर उजवीकडे बसले होते. ते नेहमी उजवीकडेच बसत. चेतगंजच्या शेडमध्ये डावीकडे विष्णु असे. तो ड्रमला छातीशी कवटाळून म्हणायचा, धरलंय रे, फिरव. नरहरांनी उजवा ड्रम हळूहळू फिरवायला सुरुवात केली. आतून वाळू कुरकुरली. मोकळ्या ॲक्सलचे एक चाक फिरवले तर दुसरे उलट फिरते, हे त्यांनी तीस वर्षे शिकवले होते. इथे दुसरे चाक जागचे हलले नाही. चौकाच्या त्या टोकाला कोणीही नव्हते, ऊन होते आणि तुळशीची सावली होती, आणि तरीही ती बाजू कोणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवल्यासारखी घट्ट होती. त्यांना वाटले, आपण थांबलो तर पलीकडून आवाज येईल. म्हणून ते थांबले नाहीत.

“दोन फेरे,” अंतरा म्हणाली. “पिनियन चार आणि वर थोडासा. एक दशांश.”

“एक्केचाळीसला दहा,” नरहर म्हणाले.  “लखनऊच्या गाडीचं गुणोत्तर हेच आहे. लांबीही जुळते. ॲक्सल तुझ्या गाडीला बसेल. काम झालं. हमालांना बोलाव आणि घेऊन जा.”

“आणि मागे कोणी काय बदललंय ते?”

“काही बदललेलं नाही.”

अंतरा उकिडवी बसली. तिने खिशातला चिंधीचा तुकडा काढून, गाडीची कमान, म्हणजे पाट्यांची स्प्रिंग, ज्यावर टेकते ती लोखंडी बैठक पुसली. बैठक मूळच्या जागेवरून सव्वा इंच आत सरकवून पुन्हा जोडलेली होती. गंजाखालून वेल्डिंगची रेघ वर आली. खवल्यांवर खवले, एकसारखे, आणि शेवटी रेघ अर्धा इंच मागे वळून स्वतःवरच मिटलेली.

अंतराने त्या टोकावरून बोट फिरवले.

“सर, असं टोक मिटवायला तुम्ही आम्हाला शिकवलंत. भेग पुढे सरकू नये म्हणून. मी बाकी कुठेच पाहिलं नाही. लुधियान्यात नाही, पुण्यात नाही.” तिने मान वर केली. “हे तुमचं वेल्डिंग आहे.”

नरहर काही बोलण्याआधी जोत्यावरून वहिनी म्हणाल्या, “ह्यांच्या गाडीचा आहे.”

तो प्रश्न नव्हता. अंतराने नरहरांकडे आणि मग वहिनींकडे पाहिले. पुणतांबेकरांच्या घरात कोणीतरी पुलावरून गेले होते एवढे तिला ऐकून माहीत होते. ती उठून उभी राहिली. “मला कल्पना नव्हती, काकू. मी घेऊन जाते.”

“बस,” वहिनी म्हणाल्या. “अडतीस वर्षांनी घरी आलंय. चहा पिऊन मग बघ. आत काय दिसतं ते मला सांग.”

“वहिनी, त्यात बघण्यासारखं काही नाही,” नरहर म्हणाले. “गाळात पडलेलं लोखंड काय सांगणार?”

“तुम्ही जन्मभर सांगत आलात की लोखंड खोटं बोलत नाही. आता म्हणता, बोलतच नाही. एक काय ते ठरवा, भावजी.”

 नरहरांनी मनात हिशेब मांडला. मोठे सिलिंडर आतून निघतील, दोन्ही बाजूंना, त्यांनी स्वतः निवडलेले. मग विष्णूला कोणी बुडवले ते सांगायला चौकीदार लागणार नाही. आणि न उघडता ॲक्सल परत गेला, तर विष्णु भांगेतच राहील, जसा आजवर राहिला. ते खुर्चीपर्यंत गेले, खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “आधी डावी.”

अंतरा डाव्या ड्रमच्या मागे वाकली. तिथे हँडब्रेकची छोटी पट्टी बाहेर आलेली असते. तारेचा तुटका शेंडा तिला अजून चिकटून होता.

“ही ओढलेल्या स्थितीत गंजलीय, सर. म्हणून चाक धरलंय. पायाचा ब्रेक पाय काढला की सुटतो, पण हँडब्रेक ओढलेला तसाच राहिला पाण्यात. गाडी पाण्यात जाण्याआधी कोणीतरी हँडब्रेक पूर्ण ओढला होता.”

“उभी करून ठेवतानाही ओढतात,” नरहर म्हणाले.

“उतारावर चालती गाडी कोण उभी करून ठेवतं?”

तिने पट्टीवर छिन्नी टेकवून हातोडीचे चार ठोके मारले. पाचव्या ठोक्याला आतून लांब, किरकिरता आवाज आला आणि डावे चाक सुटले. नरहरांनी डोळे मिटले. अडतीस वर्षे कोणीतरी जे धरून बसले होते ते त्याने सोडले होते.

ड्रम निघाला. आत गाळाचा सुका थर, त्याखाली ड्रमला घासून चाक धरणारे जाड, जवळजवळ कोरे लायनर, आणि वर सिलिंडर. अंतराने कॅलिपर लावला. “सहा सुती.”

“हो,” नरहर म्हणाले. “मीच आणले होते. कलकत्त्याहून. जोडी.” ते वहिनींकडे वळले, आणि जे वाक्य त्यांनी इतकी वर्षे दाबून ठेवले होते ते आता एका सपाट सुरात बाहेर आले. “विष्णु पाच म्हणत होता. मी सहा म्हणालो. मोठ्या सिलिंडरने मागची दोन्ही चाकं जाम झाली असणार आणि गाडी फिरली असणार. त्या दिवशी त्याने भांग घेतली नव्हती. दिवसभर माझ्यासमोर होता.”

वहिनींच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. “हे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं?”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि अंतराला म्हणाल्या, “दुसरी बाजू काढ.”

“वहिनी, ती तशीच असणार.”

“काढ, पोरी.”

उजवा ड्रम मोकळाच होता, हाताने निघाला. अंतराने चिंधीने सिलिंडर पुसला, कॅलिपर लावला, काढला, पुन्हा लावला. मग बोट आत घालून लायनर चाचपले.

“सर, हा पाच सुती आहे. जुना. लायनर संपून रिबिट वर आलेत. आणि बाहेर हँडब्रेकची तार जोडायची पिनच नाही. तुटलेली नाही, भोक शाबूत आहे. काढून ठेवलेली असणार, परत घातली नाही. आतून ही बाजू कोणी उघडलीच नव्हती.” ती दोन ड्रमांच्या मध्ये बसली आणि दोन्ही हात पसरून तिने दोन्ही बाजू दाखवल्या. “डावं चाक धरतंय, उजवं धरत नाहीये. जितक्या जोरात ब्रेक मारू तितकी गाडी डावीकडे ओढली जाणार. दोष निवडीचा नव्हता, सर. काम अर्धं राहिलं.”

नरहर खाली बसले. गुडघा दुखतो याचे त्यांना भान राहिले नाही. त्यांनी उजव्या सिलिंडरला हात लावला. ज्या गणितात त्यांनी इतकी वर्षे चूक शोधली त्यात चूक नव्हती. चूक ज्या जागी होती तिथे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

“त्या वर्षी नवरात्रातल्या अष्टमीला विष्णूने डावी बाजू केली,” ते हळूहळू म्हणाले, जणू वाळूतून शब्द उपसत होते. “मी म्हटलं, माझी उद्या करतो. उद्या खंडेनवमी. आई ओरडली, आज हत्याराला हात लावायचा नाही. पान्यांची पेटी शेडमधून इथे आणली, देवीपुढे मांडली, हळदकुंकू लावलं. दसऱ्याला दुपारी मी शेडवर गेलो तर गाडी चारही चाकांवर उभी होती. झेंडूची माळ घातलेली. मला वाटलं, विष्णूने माझी बाजूही उरकून टाकली.”

“पेटी इथे देवीपुढे होती,” वहिनी म्हणाल्या. “कशाने उरकणार?”

 तुळशीची सावली डाव्या ड्रमवर सरकली होती.

“दसऱ्याला सकाळी शेडवर मी ताट घेऊन उभी होते,” वहिनी पुढे म्हणाल्या. “गाडीला ओवाळायचं होतं. उजवं चाक काढलेलं, गाडी विटांवर. मुहूर्त चालला होता. हे म्हणाले, लंगड्या गाडीची पूजा करायची नाही. डिकीतला चाकाचा पाना काढून ह्यांनी चाक तसंच चढवलं. माझ्या हातातला दिवा दोनदा विझला, तोवर. आणि म्हणाले, आत नरहरचं काम राहिलंय, तो करेल, त्याची बाजू आहे.”

“हे मला कोणी सांगितलं नाही.”

“मला काय ठाऊक की सांगायचं असतं? तुम्ही आलात, माळ पाहिलीत, आपट्याची पानं दिलीत, ह्यांच्या पाया पडलात. मला वाटलं, तुमचं तुम्हाला माहीत आहे. ह्यांनाही तेच वाटलं असेल.” त्या उठल्या. जोत्याची पायरी उतरून चौकात आल्या आणि डाव्या बाजूला, जिथे कोणीच बसलेले नव्हते, तिथे ॲक्सलजवळ उभ्या राहिल्या. त्यांनी हँडब्रेकच्या पट्टीवरचा तारेचा तुटका शेंडा दोन बोटांत धरून पाहिला.

नरहर म्हणाले, “वहिनी, तुम्ही जे म्हणाल ते.”

अंबिकावहिनींनी तारेचा शेंडा सोडला. मग नेहमी भाजीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात त्या म्हणाल्या, “ह्यांनी ब्रेक मारला होता, भावजी. पायाचा आणि हाताचा, दोन्ही मारले होते. थांबली नाही ती तुमची बाजू.”